आईची पाऊणकी आणि कोकणचा समुद्र

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा पूर्ण मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त अडखळलेली वाक्यं काढली आहेत.)

उन्हाळा सुरू झाला की तुमचे मेसेज सुरू होतात, कोकणात कुठं जायचं, किती दिवस, कुठला बीच भारी. मी लातूरचा, नोकरीला पुण्यात. कोकणावर बोलायचा माझा तसा काही अधिकार नाही. पण गेल्या मे महिन्यात मी, माझा धाकटा भाऊ आणि आई असे तिघं जण अलिबागपासून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो. सात दिवस. त्या प्रवासात एक गोष्ट अशी घडली की ती मी वर्षभर कुणाला नीट सांगितली नव्हती. आज सांगतो. यात किल्ले आहेत, फेरी बोटी आहेत, आणि एक हिशोब आहे जो तुम्ही आजच्या आज पाठ करावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात आईपासून करतो. आईने समुद्र पाहिलेला नव्हता. आयुष्यात एकदाही नाही. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे पाण्याचा टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, आठवतंय ना? टीव्हीवर सगळ्या देशाने ती गाडी बघितली. आम्ही ती बातमी बघत नव्हतो, आम्ही रांगेत होतो. आई पुढं, घागर घेऊन, आणि मागं आम्ही दोघं कॅन घेऊन. तेव्हा भाऊ म्हणाला होता, "आई, मी कमवायला लागलो की तुला समुद्र दाखवतो. बघ म्हणावं किती पाणी असतं." शेवटी कमवायला मी आधी लागलो, म्हणून जुनी अल्टो मी घेतली. पप्पा आले नाहीत. पाणी यायच्या दिवशी घरी कुणीतरी लागतं, असं म्हणाले.

पुण्याहून पहाटे सहाला निघालो, अकराच्या सुमाराला अलिबागच्या किनाऱ्यावर. आई गाडीतून उतरली, पदर सावरला आणि बराच वेळ नुसती उभी राहिली. मी मोबाइल काढून तयार होतो. म्हटलं, आता आई काहीतरी भारी बोलेल, डोळ्यांत पाणी येईल. आई म्हणाली, "हे सगळं खारट हाय?" म्हटलं, "हो." "मग काय उपयोग त्याचा?"

आम्ही दोघं इतके हसलो की व्हिडिओ हलला. पण तिचा तो प्रश्न लक्षात ठेवा, तो शेवटी परत येणार आहे.

अलिबागला समोरच पाण्यात कुलाबा किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला, संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झालेला, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांचं मोठं ठाणं. ओहोटी असली की या किल्ल्यात चालत जाता येतं. हे मी रीलमध्ये पाहिलेलं होतं. रीलमध्ये लोक वाळूवरून मजेत चालत जाताना दिसतात. आम्ही पोहोचलो तेव्हा मात्र मधे कमरेपेक्षा जास्त पाणी आणि लाटा. भाऊ वैतागला, "च्यायला, पोपट झाला."

तिथं एक घोडागाडीवाले काका उभे होते. वय साठीच्या पुढचं. ते आमच्याशी बोललेच नाहीत, थेट आईला विचारलं, "मावशी, आज तिथी कोणती?"

आई लगेच, "तेरस. शुद्ध त्रयोदशी."

"मग तेराची पाऊणपट करा."

आता इथं थोडं मागं जावं लागेल. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, लातूरच्या आडतीवर मुनीम होते. त्यांनी आईकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळं पाठ करून घेतलं होतं. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. तुमच्या-माझ्या पिढीला नावही माहीत नाही, आपल्याकडे कॅल्क्युलेटर आहे. आईने डोळे मिटून क्षणभर ओठ हलवले आणि म्हणाली, "तेरा पाऊणे पावणेदहा."

काका म्हणाले, "बास. पावणेदहाच्या आसपास पूर्ण भरती झाली. आता सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तीनला या, आरामात चालत जा. पाचच्या पुढं मात्र आत थांबायचं नाही."

मंडळी, हा तो हिशोब. तिथीचा आकडा घ्या, पाऊणने गुणा, म्हणजे तीनने गुणून चारने भागा. जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. सकाळी एकदा आणि रात्री एकदा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, दोन्हीला हेच. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन.

हे का चालतं? भरती चंद्रामुळे येते आणि तिथीसुद्धा चंद्रावरूनच ठरते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढं सरकते. आपला पाढा पन्नासच्या जागी पंचेचाळीस मिनिटं धरतो, सोपं पडावं म्हणून. त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी शेवटी हिशोब पाऊण-एक तास मागं पडतो. शिवाय जागा बदलली की वेळही थोडी बदलते. म्हणजे हा अंदाज आहे, रेल्वेचं टाइमटेबल नाही. पण शेकडो वर्षं मोबाइल नसताना माणसं या अंदाजावर होड्या काढत आली आहेत.

आम्ही तीनला गेलो. खरंच, जिथं पाणी होतं तिथं ओली वाळू, शंख, खेकड्यांची बिळं. आई चपला हातात घेऊन चालत होती. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, तिथं तिने नमस्कार केला. पण खरी रमली ती विहिरीपाशी. चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोड्या पाण्याची विहीर. वाकून वाकून बघत होती. बाहेर पडताना म्हणाली, "पाण्यात राहायचं म्हणलं तरी पाणीच लागतंय बघ."

दुसऱ्या दिवशी चौलवरून रेवदंडा, तिथून खाडी ओलांडून कोर्लई. रेवदंड्याची तटबंदी पोर्तुगीजांची. कोर्लई गावात आजही एक अशी भाषा बोलली जाते जी पोर्तुगीजमधून जन्माला आली आणि मराठीच्या संगतीत वाढली. पोर्तुगीज सत्ता तिथून जाऊन जवळपास तीनशे वर्षं झाली, भाषा मात्र घराघरात राहिली. मला हे इतकं भारी वाटलं की यावर वेगळा भाग करायचाय.

दुपारी राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिरा. जंजिरा हा शब्दच मुळात अरबी जझीरा, म्हणजे बेट, यावरून आला. सिद्दींचा किल्ला. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, समोर पद्मदुर्ग उभा केला. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमाराला किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भर घालून रस्ता करायला घेतला होता. विचार करा, भर समुद्रात रस्ता! तरी जंजिरा हाती आला नाही. संस्थान म्हणून तो टिकला थेट १९४८ पर्यंत. होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा कुठं आहे तेच कळत नाही. आणि आत काय? गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. आई माझ्याकडे बघून नुसती हसली. तिचं एक वेगळंच सर्वेक्षण चालू होतं.

आता तिसरा दिवस. वैशाख पौर्णिमा.

मुरूडहून सकाळी निघालो, आगरदांड्याला गाडीसकट फेरीत चढलो. लोक तिला जंगल जेट्टी म्हणतात. पलीकडे दिघी. आई फेरीच्या कठड्याला धरून उभी होती, वारा खात. स्वतःहूनच म्हणाली, "आज पुनव. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. आणि ते गाडीवाले म्हणाले होते, पुनवेला आन् अमुशाला पाणी लई चढतंय." खरं होतं ते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा भरती सगळ्यात मोठी. कोकणात त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास कमी, ती भांगाची भरती. आई म्हणाली, "अकराच्या पुढं कुणी पाण्याकडं जायचं नाही. सांगून ठेवते."

आम्ही "हो हो" म्हणालो. तुम्हीही आईला असंच "हो हो" म्हणता, मला माहितीये.

दिवेआगर, श्रीवर्धन करत पावणेअकराला हरिहरेश्वर. देवळात पौर्णिमेची गर्दी. आई रांगेत उभी राहिली. आम्ही दोघं म्हणालो, "आई, आम्ही मागं नुसतं बघून येतो." देवळामागून डोंगर चढून मग खाली खडकांत उतरायला पायऱ्या आहेत. खाली काळाकभिन्न कातळ, लाटांनी कोरून कोरून त्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली. प्रदक्षिणेचा मार्ग याच कातळावरून जातो. आणि भरतीच्या वेळी प्रदक्षिणा करू नका, असा इशारा तिथं लिहिलेला आहे. मराठीत. मोठ्या अक्षरांत. मी तो वाचला. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर कुणी विचारलं असतं तर "बोर्ड दिसला नाही" म्हणायची सोय मला नव्हती.

पायऱ्यांवर काही लोक उभे होते, फोटो काढत होते. लाटा खालच्या कातळावर आपटत होत्या, पांढरा फेस वर उडत होता. दृश्य भन्नाट. भाऊ चार पायऱ्या खाली उतरला आणि कातळावर जाऊन उभा राहिला. मी मोबाइल धरला. वाइड मोडवर.

आणि मी म्हणालो, "अजून थोडा मागं जा. लाट फ्रेममध्ये येऊ दे."

हे वाक्य माझं आहे. समुद्राचं नाही, भावाचं नाही. माझं.

तो दोन पावलं मागं गेला. पहिली लाट आली, त्याच्या मागं फुटली, मस्त शॉट मिळाला. मी म्हटलं, "अजून एक." दुसरी लाट येताना मी स्क्रीनवर बघत होतो. आणि इथं ऐका. वाइड लेन्समध्ये मागची गोष्ट आहे त्यापेक्षा लांब आणि लहान दिसते. मला स्क्रीनवर जी लाट लांब दिसत होती, ती भावाच्या पाठीशी होती. वरून कुणीतरी ओरडलं, "ए, वर या! वर या!" मी स्क्रीनवरून डोळे उचलले तेव्हा तिथं भाऊ नव्हता. नुसतं पांढरं पाणी.

किती सेकंद गेले सांगता येत नाही. पाणी मागं ओसरलं तेव्हा तो दिसला. कातळातल्या एका भेगेत अडकला होता, एक हात वर, पाय खाली पाण्यात. त्या भेगेने त्याला वाचवलं. ती नसती तर पाण्याने ओढून नेलं असतं. मी जागेवरच उभा होतो. पाय हललेच नाहीत. धावले ते वरून ओरडणारे दादा. वर नारळ-प्रसादाचं दुकान लावणारे. ते थेट कातळावर पालथे पडले, भावाच्या मनगटाला धरलं आणि मला म्हणाले, "माझे पाय धर! बघतोस काय!" तेव्हा मी हललो. तिसरी लाट आमच्या तिघांच्या अंगावरून गेली. नाकातोंडात खारं पाणी. पण हात सुटला नाही.

वर आलो. भावाचे दोन्ही गुडघे, कोपर, पाठ सोललेली. हनुवटीला नंतर टाके पडले. त्याचा फोन खिशातून गेला तो गेलाच. ते दादा धापा टाकत होते. मी हात जोडले तर म्हणाले, "माझे पाय नको धरूस आता. मघाशी धरलेस तेवढे पुरेत." आणि निघून गेले, गिऱ्हाईक थांबलं होतं म्हणून. नंतर त्यांच्या दुकानावर गेलो तर पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पुढच्या खेपेला आलात की लोकांना सांगा." मी पुढच्या खेपेची वाट बघत बसलो नाही, आज तुम्हाला सांगतोय.

आई देवळातून प्रसाद घेऊन बाहेर आली. भावाला बघितलं. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. काहीच नाही. पदर ओला करून तिने त्याचं रक्त पुसलं, आणि प्रसाद आधी त्याच्या तोंडात घातला. रात्री जेवताना फक्त एकदा मला विचारलं, "तू काय बघायलास तवा?"

म्हटलं, "मोबाइलमध्ये."

"बरं," म्हणाली. एवढंच. आणि मंडळी, त्या "बरं"चं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही. ती ओरडली असती तर विषय संपला असता.

तो व्हिडिओ माझ्याकडे होता. एकोणीस सेकंदांचा. खरं सांगतो, त्या रात्री एक क्षण असा आला की वाटलं, हा टाकला तर व्हायरल होईल. "समुद्राशी खेळू नका" असं कॅप्शन टाकून, म्हणजे समाजसेवा पण होईल. भाऊ शेजारी झोपला होता, हनुवटीला पट्टी. मी तो डिलीट केला. ट्रॅशमधूनही. तुम्ही म्हणाल, ठेवायचा होता, लोकांना धडा मिळाला असता. पण असे व्हिडिओ आपण सगळ्यांनी शेकडो पाहिलेत. मीही पाहिले होते. आणि तरी मी म्हणालोच ना, "अजून थोडा मागं जा."

परत जायचं का, असं मी सकाळी विचारलं. भाऊ गप्प. आई म्हणाली, "परत कशाला? त्यानं काय केलंय? त्याची वेळ होती, तो आला. तुम्ही गेलात त्याच्या वाटेत." तिथून पुढचा सगळा प्रवास आईच्या हिशोबावर झाला. आज वद्य प्रतिपदा, एक पाऊणे पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती, तेव्हा जेवण आणि आराम. सकाळी किनारा. मी गाडीत बसून गुगल मॅप लावायच्या आधी आई दिनदर्शिका उघडायची.

आणि गंमत बघा, त्यानंतर मला तो किनारा वेगळा दिसायला लागला. आपण शाळेत शिकलो, महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. पण ही सरळ रेघ नाहीच. ती जागोजागी खाड्यांनी कापलेली आहे. बागमांडल्याहून वेश्वीला सावित्रीची खाडी, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठीची, तवसाळहून जयगडला शास्त्रीची. प्रत्येक ठिकाणी गाडी बंद करून फेरीची वाट बघायची. आणि जवळपास प्रत्येक खाडीच्या तोंडावर एक किल्ला. बाणकोट, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग. आधी मला वाटायचं, किल्ले उगाच विखुरलेत. आईसोबत फेरीच्या धक्क्यावर तासभर बसल्यावर कळलं. खाडी म्हणजे घाटाखालच्या बाजारपेठेत शिरायचा रस्ता. ज्याच्या हातात खाडीचं तोंड, त्याच्या हातात जकात आणि जहाजं.

आणि त्या पाण्याची वेळ ज्याला कळते तो जिंकतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबतं होती. युरोपीय लोकांच्या जहाजांपेक्षा लहान, हलकी, उथळ पाण्यात चालणारी. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं, उथळ खाडीत ते रुततं. गलबत खाडीत आत शिरून लपू शकायचं, वेळ बघून बाहेर पडायचं. १७२९ मध्ये कान्होजी गेले तोपर्यंत इंग्रज आणि पोर्तुगीजांना त्यांचा बंदोबस्त करता आला नव्हता. पुढे १७५६ मध्ये विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळालं, इंग्रजांनी जाळलं, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. विजयदुर्गाच्या तटावर उभं राहून भाऊ म्हणाला, "म्हणजे बाहेरच्याला आपल्याच माणसानं वाट दाखवली." हरिहरेश्वरनंतरचं त्याचं पहिलं मोठं वाक्य होतं ते. मला बरं वाटलं.

सातव्या दिवशी मालवण. संकष्टी चतुर्थी, आईचा उपास. चार पाऊणे तीन, म्हणजे सकाळ आपली. नऊला होडीत बसलो. भावाने सगळ्यात आधी लाइफ जॅकेट घातलं, बकल दोनदा तपासलं, मग आईचं तपासलं. मी मोबाइल गाडीतच ठेवला होता.

सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला, १६६७ ला किल्ला पूर्ण. ४८ एकरांचा पसारा. आत शिवाजी महाराजांचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. आणि आत तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तीनही गोड्या पाण्याच्या. किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात. त्यातल्या एका काकूंनी आईला सावलीत बसलेलं बघून तांब्या पुढं केला. "प्या काकी, गोड आसा."

आई एक घोट प्यायली. थांबली. मग तांब्या तोंडाला न लावता वरून धार धरून सगळा प्यायली. आमच्याकडे असंच पितात. रिकामा तांब्या हातात धरून ती तटाकडे बघत होती, पलीकडे तो सगळा खारा समुद्र. मला म्हणाली, "पहिल्या दिवशी म्हणलं होतं ना, काय उपयोग त्याचा. बाहेरचं पाणी राखण करतंय आन् आतलं जगवतंय. दोन्ही लागतंय."

मग भावाकडे वळून, "पी तू पण."

मंडळी, त्या एका तांब्यासाठी आम्ही लातूरहून आलो होतो असं मला वाटलं.

आता कामाचं बोलून थांबतो. उन्हाळ्यात कोकणात निघताय? दिनदर्शिका बघा, तिथी लिहून घ्या, पाऊणपट करा. भरती-ओहोटीच्या वेळा ऑनलाइनही मिळतात, त्या ताडून बघा. मुंबईत साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती असली की पालिका इशारा देते, ती बातमी दिसली की समजा खालीही उधाण आहे. मे संपत आला, वारा फिरला, की किल्ल्यांच्या होड्या बंद होतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. ज्या काळात कोळी बांधव समुद्रात जात नाहीत, त्या काळात आपणही जायचं नाही, इतका साधा नियम. आणि पोहोचल्यावर पहिलं काम, कुणा स्थानिकाला विचारा, "आज पाणी कसं आहे?" ते सांगतील ते ऐका. आई सांगेल तेही ऐका.

आणि मोबाइल धरणाऱ्याला एक सांगणं. समोरच्याला "अजून मागं जा" असं कधीही म्हणू नका. म्हणायचंच असेल तर "पुढं ये" म्हणा.

परवा भावाचा मेसेज आला. या मे महिन्यात पुन्हा जायचं म्हणतोय, या वेळी पप्पांना घेऊन. खाली लिहिलं होतं, "आईला विचार, अष्टमी कधी आहे."

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि घरी कुणाला पाऊणकी येत असेल तर आजच शिकून घ्या.